दिव्याला अर्थ नाही

डाव्या पायाचा गुडघा.

वाटाण्याएवढा लाल दिवा.

"तुझी गाडी म्हणजे फोटोतली नवरी. दिसते, येत नाही." थोरली बहीण, दर फोनला.

पिवळी पडलेली चिठ्ठी, वायरला दोऱ्याने बांधलेली. बॉलपेनने लिहिलेलं: दिव्याला अर्थ नाही.

सोमवार, सकाळी साडेसात, उपाशी पोटी.

हे सगळं एका दोरीत ओवायचं तर सासऱ्यांपासून सुरुवात करावी लागेल. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांत वायरिंग केलं. गल्ली त्यांना मेनस्विच म्हणायची, कारण ते बिघडले की घरात कुणाचंच चालत नसे. सोमवारी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. पुन्हा क्लच दाबायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे पन्नास वर्षांची ती जुनी गाडी स्वतः चालवत त्यांच्या थोरल्या बहिणीच्या दारात नेऊन उभी करायला एकच दिवस उरला होता, रविवार. आणि गाडीतला ऑइलचा दिवा तीन आठवडे विझत नव्हता.

शनिवारी दुपारी सुनेने बोनेट उघडलं. ती कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशिनं दुरुस्त करायची. गाडी चालवता येत नसली, तरी बिघाडाचा माग काढणं तिच्या बोटांत होतं.

"राहू दे गं," सासरे खुर्चीतून म्हणाले. "इंजिन गेलं. ऑइल बदलून पाहिलं, दिवा ढिम्म."

"पण हा दिवा आधी कसा होता, बाबा?"

"आधी लागतच नव्हता. मुका होता. मी डॅशबोर्ड उघडला, दिव्याला अर्थ दिला, तेव्हा बोलायला लागला. आणि पहिलंच बोलला ते अशुभ."

"तुम्ही अर्थ का दिलात?"

"का म्हणजे? तिथे चिठ्ठीच होती. दिव्याला अर्थ नाही. आधीच्या मालकाच्या वायरमनने काम अर्धवट टाकलं असणार. बिनअर्थाचं मी घरात काही ठेवलं नाही, गाडीत ठेवीन?"

सून हसली. "मला वाटलं, दिवा निरर्थक आहे, लक्ष देऊ नका, असं म्हणायचंय त्याला."

"हं! वायरमन आहे तो, कीर्तनकार नाही. अर्थ म्हणजे अर्थिंग, गाडीच्या पत्र्याला जोडायची वायर."

तिने बॅटरीच्या उजेडात इंजिनाच्या बाजूला पाहिलं. ऑइलचं प्रेशर कळावं म्हणून तिथे अंगठ्याएवढा स्विच बसवलेला असतो. त्याच्यावरची वायर निघून खाली लोंबत होती. टोक तेलाने काळंकुट्ट.

"बाबा, चावी फिरवा. इंजिन चालू करू नका."

सासरे लंगडत स्टिअरिंगमागे जाऊन बसले.

दिवा लागला.

तिने वायरचं टोक उचलून त्यांना दाखवलं. "हे बघा. इंजिनाची वायर इथे माझ्या हातात आहे, कशालाच लागलेली नाही. मग आत दिव्याला प्रेशर नाही म्हणून कोण सांगतंय?"

सासऱ्यांचा हात चावीवरच थबकला. मेनस्विच पडला की काय असं तिला वाटलं.

"या दिव्याला अर्थ इंजिनातूनच मिळतो," ते सावकाश म्हणाले. "प्रेशर नसलं की हा स्विच अर्थ देतो, प्रेशर आलं की तोडतो. म्हणून वेगळा द्यायचा नाही. तो मला सांगत होता, देऊ नकोस. आणि मी..."

"तुम्ही दिलात. कायमचा."

"चोर सोडून संन्याशाला सुळी! इंजिनाला तीन आठवडे शिव्या घालतोय मी."

"माफी नंतर मागा. आधी संन्यासी खरंच संन्यासी आहे का ते बघू."

डॅशबोर्डमागून तिने त्यांनी जोडलेली अर्थिंगची हिरवी वायर सोडवली. जोड इतका सुबक होता की तोडताना वाईट वाटलं. मग कोपऱ्यावरच्या गॅरेजातून प्रेशरचं मीटर मागून आणलं, स्विच काढून त्याच भोकात बसवलं आणि इंजिन चालू करायला सांगितलं. काटा उठला आणि पन्नासावर थांबला. पंधरा मिनिटांनी, इंजिन चांगलं तापल्यावर, ॲक्सिलरेटर न दाबता जागेवर चालू असताना पंचविसावर आला. त्याच्या खाली गेला नाही; म्हणजे इंजिन ठणठणीत होतं.

स्विच परत बसला. वायरचं टोक तिने पॉलिशपेपरने घासून त्याच्यावर दाबून बसवलं. चावी फिरली, दिवा लागला. इंजिन सुरू झालं, आणि दोन सेकंदांत दिवा विझला.

"पुन्हा," सासरे म्हणाले.

त्यांनी सात वेळा चालू-बंद केलं. आठव्या वेळी सुनेने चावी काढून घेतली.

"बॅटरी संपवून मग जाणार का उद्या? आणि चिठ्ठीचं काय करायचं?"

सासऱ्यांनी पेन मागितलं आणि खाली भर घातली: आणि देऊही नये.

रविवारी चाळीस किलोमीटर झाले. चढावर प्रत्येक गिअरला सासऱ्यांचा जबडा आवळायचा, पण तोंडातून हूं नाही. सून शेजारी बसून रस्त्याऐवजी दिवाच बघत होती. थोरली बहीण फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसलेली होती. तिने गाडीला एक चक्कर मारली, बोनेटवर हात ठेवला आणि पटकन उचलला.

"गरम आहे रे!"

"चालवत आणली, ढकलत नाही," सासरे म्हणाले. उतरायला त्यांना सुनेचा खांदा लागला.

"उद्या अकराला दारात येतो, गाडीने," असा फोन त्यांनी बहिणीला शनिवारी सकाळी केला होता, सुनेने बोनेट उघडायच्या चार तास आधी.