माझं दार निघालं तो दिवस

मी एक जुना फ्रिज आहे, मित्रांनो, आणि मला दार नाही. हसू नका. दार नसण्याचा मला जेवढा आनंद आहे, तेवढा ते असतानाही कधी नव्हता.

कारखान्यातून निघालो तेव्हा त्या दाराचाच मला भारी तोरा होता. जाडजूड दार, त्याला बाहेरून चकचकीत कडी, आणि लावलं की खट् असा आवाज. घरातले काका पाहुण्यांना ते चारचारदा उघडून दाखवत. वीस वर्षं मी दूध, भाज्या आणि आजोबांची औषधं सांभाळली. मग नवा फ्रिज आला आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. भंगारवाल्याला देऊ, असं म्हणता म्हणता सगळे मला विसरून गेले.

मुलं मात्र विसरली नाहीत. लपाछपीत ती माझ्या पोटात शिरू लागली. माझी कडी आतून उघडत नाही, हे त्यांना काय ठाऊक! मला धडकी भरायची.

समोरच्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या मावशींना खिडकीतून सगळं दिसे. पण पूर्वी एकदा कठड्यावरून घसरणाऱ्या मुलांना त्या रागावल्या होत्या. तेव्हा त्या मुलांतल्या सर्वांत लहान छोटीच्या आईने त्यांना चारचौघांत सुनावलं होतं, "आमच्या मुलांचं आम्ही बघू. तुम्ही मध्ये पडू नका." तेव्हापासून मावशी ओठांवर आलेला शब्द गिळत आणि मशीन चालवत.

एका दुपारी छोटी माझ्यात शिरली. तिने दार ओढून घेतलं आणि खट्! आधी ती खुदखुदली. मग दार ढकलू लागली, मग रडू लागली. माझ्या जाड भिंतींतून तिचा आवाज बाहेर जाईना. मित्रांनो, तेव्हा मला माझाच तिटकारा आला.

बाहेर मुलं म्हणाली, "ती घरी गेली असेल. चला, नवा डाव."

तेवढ्यात मशीन थांबलं. "थांबा रे! चौघं लपला होतात, तिघंच कशी बाहेर आलात?" मावशी चप्पलही न घालता धावत आल्या आणि त्यांनी कडी ओढली. घामाने निथळणारी छोटी त्यांच्या कुशीत कोसळली.

गलका ऐकून छोटीची आई आली. मावशी तिला म्हणाल्या, "मला काय बोलायचं ते बोला, पण हे दार आत्ताच्या आत्ता निघालं पाहिजे. मी आधीच बोलायला हवं होतं. चुकलंच माझं."

आई तडक घरात गेली आणि पेचकस घेऊन आली. एकीने दार तोलून धरलं, दुसरीने स्क्रू काढले.

आता कामावर जाताना आई स्वतःच हाक मारते, "मावशी, पोरं खाली आहेत. काही वेडंवाकडं दिसलं तर चांगलं खडसवा हं!" मावशी खडसवतात. मुलं गाल फुगवतात.

मित्रांनो, दार लावता येईल अशा वस्तूत कधी लपू नका. सोबती सापडला नाही, तर डाव मोडा आणि त्याला शोधा. शेजारचं कोणी रागावलं तर खुशाल रुसा, पण ऐका. मला ओरडता येत नव्हतं. माझ्या वाटचं मावशी ओरडल्या. त्यांचे उपकार मी कसे फेडणार? छोटी माझ्यासमोर दोरीवरच्या उड्या मारते, आणि मी तिच्या उड्या मोजत उभा राहतो.