आभाळाचं ठिगळ

शनिवार, १४ नोव्हेंबर. पहाटे दाट धुकं, आठनंतर ऊन, वारा नावापुरता.

मी एक काच बोलतेय. खिडकीची नव्हे, चष्म्याचीही नव्हे. मी हाताच्या पंजाएवढी, चौकोनी. खालून स्वच्छ आणि वरून करडी. वरचा करडेपणा खाली येता येता असा विरतो, की तो नेमका कुठं संपला ते कुणाला बोट ठेवून दाखवता येत नाही. दुकानात मला फिल्टर म्हणतात. ज्या घरात मी नांदते तिथं माझं नाव ठिगळ. ते कसं पडलं, आणि वर लिहिलेल्या तारखेला मी काय केलं, ते सांगते. थोडा अभिमान डोकावेल, तो चालवून घ्या. अर्धी काळी असले तरी तोंड लपवावं असं मी काही केलेलं नाही.

खरं तर मी काचसुद्धा नाही, एक कडक, आरपार दिसणारं प्लास्टिक आहे. पण काच म्हटलं की लोक जपून धरतात, म्हणून मी कुणाची चूक दुरुस्त करत नाही. माझा जन्म म्हणजे एक आंघोळ. स्वच्छ तुकडा रंगाच्या टाकीत अर्ध्यापर्यंत बुडवायचा आणि अगदी सावकाश वर काढायचा. काढणाऱ्याचा हात घाईचा असता तर माझ्या पोटावर एक रेघ उमटली असती. तो हात शांत होता. मी आज जी काही आहे ती त्या हातामुळे.

माझं काम समजायला सोपं आहे. माणसाचा डोळा मोठा समजूतदार. लख्ख आभाळ आणि सावलीतली जमीन, दोघांनाही तो एकाच वेळी सांभाळून घेतो. कॅमेऱ्याला ते जमत नाही. जमीन दिसेल इतका उजेड आत घेतला की आभाळ पांढरंफटक. आभाळ राखलं की जमीन डांबरासारखी. मी मध्ये उभी राहते. आभाळाला म्हणते, ‘जरा दमानं’, आणि जमिनीला म्हणते, ‘ये, तुला वाट मोकळी आहे.’

माझा पहिला मालक हौशी होता. हौसेला मोल नसतं म्हणतात. त्याच्या हौसेला वेळही नव्हता. त्यानं मला दोनदा बाहेर काढलं आणि मग कॅमेऱ्याच्या बॅगेसकट विकून टाकलं. बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात मी आहे हे ना विकणाऱ्याला ठाऊक, ना घेणाऱ्याला.

घेणारा म्हणजे धाकटा. पन्नाशी ओलांडली तरी त्याची थोरली बहीण त्याला धाकटाच म्हणते, आणि ती अक्का असल्यामुळे सगळी गल्लीही तेच म्हणते. दोघांचा मिळून पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ. तो फोटो काढतो, ती फोटो कापते आणि चौकटी बनवते. दिवसभर माझ्या कानावर एकच जप: “हनुवटी खाली. कान दिसू द्या. हसू नका.” मागे पांढरा पडदा, आणि त्या पडद्यावर सावलीचा ठिपकाही चालत नाही. म्हणून धाकटा पडद्यावर इतका उजेड मारायचा की तो जळून नुसता पांढरा व्हायचा. चेहरा उजळ, मागचं पांढरं. हे त्याच्या हाताला इतकं मुरलं होतं की विचार करावाच लागत नसे.

मला शोधलं अक्कानं, बॅग झटकताना.

“हे काय रे? अर्धंच रंगवून सोडलंय कुणीतरी.”

धाकट्यानं समजावलं. डोंगर, नद्या टिपताना आभाळ फार उजळ असतं, ते फाटल्यासारखं पांढरं येतं, तेव्हा ही समोर धरायची.

“मग सरळ सांग ना. आभाळ फाटलं तर ठिगळ कुठं लावायचं म्हणतात, ते हे ठिगळ!”

झालं माझं बारसं. पण तिथं आभाळ होतंच कुणाला? मी ड्रॉवरमध्ये गेले, कात्रीच्या खाली. कधीमधी अक्का माझी कड पट्टीसारखी धरून फोटो कापायची. तिच्या कटरचा एक ओरखडा माझ्या वरच्या कडेला आहे. मी तो मिरवते.

ऑक्टोबरच्या तीस तारखेला अक्का दुकानात चौकट टांगताना स्टुलावरून पडली. पाठीचा मणका मोडला. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया नको, पण सहा आठवडे उताणं पडून राहायचं, कूस बदलायची तीही नर्सच्या हातानं. आठवडा झाला नाही तोच अक्कानं जाहीर केलं, “सोळा तारखेला, सोमवारी, मी सही करून घरी जाणार. हे छत माझ्या छातीवर उतरतंय.”

“आत्ता उठल्या तर पुढं काठीनंसुद्धा चालता येईल याची खात्री देत नाही,” डॉक्टरांनी धाकट्याला बाहेर बोलावून सांगितलं. ते ऐकून तो दुकानात आला आणि पांढऱ्या पडद्यासमोर गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बराच वेळ बसून राहिला. मी ड्रॉवरच्या फटीतून पाहत होते.

वॉर्डच्या मोठ्या सिस्टरांनी एक मार्ग सुचवला. छताला एखादं चित्र लावा, खाटेच्या बरोबर वर. धाकट्याला तो पटला. रविवारी तो नदीच्या वळणावर गेला, जिथं अक्कानं त्याला सायकल शिकवली होती. मला न घेताच गेला. संध्याकाळी फोटो छापून तिच्या डोळ्यांसमोर धरला.

अक्का बघत राहिली. मग म्हणाली, “अरे, हे छतच की! खाली तेवढं गवत उगवलंय.”

“नदी बघ ना, अक्का.”

“बघितली. मागे पांढरा पडदा लावून पासपोर्ट काढलास होय तिचा? कुठं चाललीय ती?”

सिस्टरांना हसू आवरेना. धाकट्याला मात्र उमगलं, की नदीसमोरही आपला हात स्टुडिओतच उभा होता. त्यानं संगणकावर आभाळ गडद करून पाहिलं, तर ते पोतेऱ्यासारखं मळकट झालं. जळलेल्या आभाळात परत आणण्यासारखं काही उरलेलंच नसतं. अंधारातून काहीतरी हाती लागतं, राखेतून नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचा पडलेला चेहरा पाहून अक्का म्हणाली, “ठिगळ कुठंय? ड्रॉवरमध्ये बघ. कात्रीखाली.”

आठवडाभर गिऱ्हाइकं आणि दवाखाना यांतून त्याची सुटका झाली नाही. तर असा उजाडला तो शनिवार. धुक्यात नदी दिसत नव्हती, झाड दिसत नव्हतं. धाकटा तिवईवर कॅमेरा बसवून स्वस्थ उभा राहिला. धुकं उठलं आणि मागून ढगांची एक ओळ निघाली, धुऊन वाळत घातल्यासारखी.

त्यानं मला भिंगासमोर धरलं. पहिल्यांदा माझी काळोखी फार खाली उतरवली. काठावरच्या झाडाचं डोकं टोपी ओढल्यासारखं काळं झालं. मग मला फार वर सरकवलं; पलीकडच्या काठावर पांढरा पट्टा राहिला. तिसऱ्यांदा त्यानं माझा विरता भाग झाडाच्या मध्यावर आणला आणि उजेड वाढवायला सवयीनं बोट पुढं केलं. चेहरा उजळ हवा ना! तिथं तो थांबला.

“हनुवटी खाली,” तो स्वतःलाच म्हणाला, आणि उजेड वाढवायच्या ऐवजी एक घर कमी केला. गवत जरा सावळं राहिलं. राहू दे. ते नंतर उजळता येतं. फोटो निघत असताना त्यानं मला दोन बोटांनी केसभर वरखाली हलवलं, म्हणजे कुठं सांधा दिसू नये. कारखान्यातल्या त्या शांत हाताची मला आठवण झाली.

माझा ओरखडा फोटोत आला नाही. इतक्या जवळचं कॅमेऱ्याला दिसत नाही.

रविवारी मोठा प्रिंट निघाला. चौकट धाकट्यानं स्वतः केली, कारण करणारी उताणी पडली होती. दवाखान्याच्या सुतारानं ती छताला लावली: जमीन पायांकडे, आभाळ डोक्याकडे. धाकट्यानं धीर यावा म्हणून मला खिशात ठेवलं होतं, त्यामुळे मी सगळं ऐकलं.

खाटेपाशी सिस्टर आणि धाकटा उभे.

“ढग पलीकडच्या काठाकडे निघालेत,” अक्का म्हणाली.

“हो.”

“गवत अंधारात टाकलंस?”

“टाकलं.”

“बरं केलंस.” मग थोड्या वेळानं: “डाव्या कोपऱ्यात फट आहे. चौकट कुणी केली?”

“मी.”

“वाटलंच. खाली काढ.”

“अक्का, आत्ताच लावलीय!”

“मग राहू दे. उठले की मीच करते.”

सिस्टरांनी हळूच विचारलं, “उद्या सहीचा कागद आणायचा ना?”

“कसला कागद? आणायचाच असेल तर घासायचा आणा. तो कोपरा घासावा लागणार.”

आता मी ड्रॉवरमध्ये कात्रीखाली नसते. मऊ कापडात असते, वरच्या खणात. रविवारी बाहेर पडते. तुम्हीही डोंगर, नद्या टिपायला जात असाल, तर एक विनंती आहे. जमिनीच्या कौतुकात वरचं विसरू नका. आधी आभाळाला विचारा, त्याला किती उजेड सोसवतो; बाकीचं आम्ही बघून घेऊ.

शनिवार, १२ डिसेंबर. हवा ढगाळ, दुपारी थोडं ऊन. अक्का कमरेला पट्टा बांधून वॉर्डच्या दारापर्यंत चालत गेली आणि चालत परत आली. सुताराकडून चौकट खाली उतरवून घेऊन तिनं खाटेवर बसून डावा कोपरा नीट केला. चित्र त्यानं छताला पुन्हा त्याच जागी लावलं. अक्का घरी आली, आणि ती खाट दुपारी दुसऱ्या बाईंना दिली.