अल्फाचा झाला ए

हे मी लिहिणारच नव्हतो, कारण उत्तरेश्वर अजून आष्टीतच राहतो अन् रोज भेटतो.

क्लासातही कॉम्प्युटर तो बटणं दाबून दाबूनच शिकला. एक्सेलमध्ये साधा इंग्रजी ए टाईप करून फॉन्ट सिंबॉल केला, की त्याचा ग्रीक अल्फा होतो, हे सापडलं तेव्हा तो आख्ख्या क्लासला दाखवत फिरला. म्हणून मित्राच्या, मृत्युंजयच्या, एमेस्सी प्रोजेक्टचे तक्ते त्यानंच टाईप करायला घेतले.

"अल्फा-बीटाची जागा मोकळी सोड बे," मृत्युंजय म्हणालता. "पेनानं भरतो. समदे तसंच करतेत."

"पेनानं कावून? मग कॉम्प्युटर कशाला हाय?"

प्रोजेक्ट जमा करायच्या शेवटच्या तारखेला दोघं फ्लॉपी घेऊन औरंगाबादला गेले. कॉलेजसमोरच्या दुकानातल्या जुन्या प्रिंटरनं स्वतःचाच फॉन्ट वापरला अन् सगळे अल्फा पुन्हा ए होऊन बाहेर आले. घाईत दोघांनीही पाहिलं नाही. सरांनी पाहिलं.

"ह्यात अल्फा कुठंय?" म्हणाले अन् कागद परत सरकवले. अल्फाची जागा मोकळी सोडून पुन्हा प्रिंट काढायला दोघं पळाले, तर दुकानाची लाईट गेलेली. मृत्युंजयचं वर्ष बुडालं.

परतीच्या एसटीत मृत्युंजयनं ते कागद गुंडाळून पिशवीत कोंबले.

"अप्पा आता पुढं शिकू देत न्हाईत. घरच्या दुकानावर बसवतेत," तो म्हणाला. "तू मात्र लई हुशार हायस बे."

शिवी दिली असती तर उत्तरेश्वरला बरं वाटलं असतं. मृत्युंजयचे वडील ऐकणार नाहीत, हे त्यालाही ठाऊक होतं.

"उद्या सकाळीच दुकानावर येतो," तो म्हणाला. "चूक तुझी न्हाई, माझी हाय, हे अप्पांच्या तोंडावर सांगतो."