डाव्या हाताचा चाकू

"काकू, येताना कापाचं काहीतरी सोबत आणजा. रिकाम्या हातानं आल्या तर चाकू भेटणार नाई."

चाकू बनवणाऱ्या अश्विननं हे सांगितलं होतं फेब्रुवारीत. मंगळवारी सकाळी चांदूर बाजारहून अमरावतीला जाताना बसमध्ये मी तेच मनात घोळवत होते. मांडीवरच्या पिशवीत अंगठ्याएवढा जाड पानसोट होता. पानसोट म्हणजे संत्र्याच्या झाडावर सरळ वाढणारी, झाडाचा रस पिऊन कधी फळ न देणारी फांदी. आदल्या दिवशीच बागेतून काढून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती. वय वर्षं त्रेपन्न, पण त्या दिवशी माझे पाय बसमध्येसुद्धा एका जागी राहीनात.

मी डावखुरी आहे. लहानपणी आईनं हातावर चापट्या मारून मारून पूजा, जेवण, हळदीकुंकू उजव्या हातावर आणलं. ते बरंच झालं. देवाला हात जोडताना दोन्ही लागतातच. पण बागेतलं काम काही उजव्या हातानं जमलं नाही. बाजारातली प्रत्येक कात्री उजव्या हाताची. माझ्या हातात ती फांदी कापत नाही, चावते. तीस वर्षं मी बागेत अशी चावत आले.

जानेवारीत अमरावतीच्या कृषी प्रदर्शनात हे पंपाचे भाव विचारत होते आणि मी सावली शोधत एका लहानशा टेबलापाशी उभी राहिले. खुरपी, विळे, कोयते मांडलेले, आणि मधोमध एक घडीचा चाकू. मिटलेलाच वीतभर. टेबलामागचा मुलगा, म्हणजे अश्विन, म्हणाला, "उघडून पाहा ना काकू, चावत नाई." मी पातं ओढलं. जरा जड, मग एकदम हलकं, आणि मग खटका बसला. टक्! देवघराचं दार नीट लागल्यावर यावा तसा आवाज. मी मोठ्यानं "अगबाई!" म्हणाले. शेजारच्या स्टॉलवरचे लोक वळून पाहायला लागले.

मी चारचौघांत आवाज चढवणारी बाई नाही. रोज तुळशीला अकरा प्रदक्षिणा, दिवा लावल्याशिवाय तोंडात पाणी नाही, सोमवार, एकादशी, चतुर्थी. माझं सगळं आयुष्य कुजबुजीत चालतं. पण त्या चाकूनं मला बोलतं केलं.

"डाव्या हाताचा होईल का?" मी विचारलं.

अश्विननं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. "तुमच्याच हाताचा होईल," तो म्हणाला.

फेब्रुवारीत मी त्याच्या कारखान्यात गेले. कारखाना म्हणजे एमआयडीसीतल्या त्याच्या घरामागची पत्र्याची शेड. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्यासमोर ताजी फुलं. त्याचे वडील जानराव एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, त्यांच्या हाताखाली तो लोखंड शिकला. त्यानं माझा डावा हात कोऱ्या कागदावर ठेवायला लावला आणि भोवतीनं पेन्सिल फिरवली. मला लाजल्यासारखं झालं. या हाताकडे इतक्या आदरानं कुणी पाहिलंच नव्हतं. पातं ट्रकच्या कमानपाट्याचं करायचं ठरलं. मूठ कशाची, विचारल्यावर मी पिशवीतून ओंडका काढला. आमच्या बागेतलं वाळलेलं संत्र्याचं झाड, माझ्या लग्नाच्या वर्षी लावलेलं.

तेव्हाच त्यानं आपला नेम सांगितला होता. गिऱ्हाइकानं त्याच्यासमोर, आपल्या कामाची वस्तू आपल्या हातानं कापून दाखवायची. मगच चाकू न्यायचा.

"बाबाले शब्द देल्ला हाय," तो म्हणाला. "अवजार बनवीन, हत्यार नाई. एवढा मोठा चाकू कोन कशाले नेते, कसं कळन? मानूस बोलण्यात खोटं बोलते काकू, कापताना नाई बोलू शकत."

नेमाची माणसं मला लगेच ओळखू येतात. मी मान डोलावली.

आणि आता पाच महिन्यांनी त्याचा फोन आला होता, "मंगळवारीच या. रश्मीची बदली अकोल्याच्या दवाखान्यात झाली. बुधवारी सकाळी सगळं सामान तिकडं चाललं." मी "येते, येते" म्हणून मोकळी झाले.

शेडमध्ये सगळीकडे खोकी. अश्विनची बायको रश्मी दोरीनं गाठी मारत होती. रिकाम्या टेबलावर लाल फडकं, आणि फडक्यावर माझा चाकू.

काय सांगू! मूठ सायीसारखी पिवळट, तिच्यात झाडाची बारीक वळणं. हातात घेतला आणि बोटं आपोआप आपापल्या जागी जाऊन बसली, जशी लेकरं पंगतीत बसतात. खटका बरोबर माझ्या डाव्या अंगठ्याखाली. टक्! मिटला. उघडला. टक्! पुन्हा मिटला. पात्यात शेडचा पत्रा, रश्मीची हिरवी साडी आणि माझं कुंकू दिसत होतं.

"काकू, त्याले आता दमवता का?" रश्मी हसली. "पाच मिनिटांत चाळीसदा उघडला तुमी."

"मोजून राहिली का तू?"

"आवाजच असा हाय, मोजाच लागते."

"कापा आता," अश्विन म्हणाला. मी फडक्यातून पानसोट काढला, टेबलाच्या कडेवर टेकवला, धार सालीवर ठेवली. आणि तिथंच हात थांबला.

नागपंचमी!

सकाळी मीच पाटावर नाग काढला होता. दूध-लाह्या वाहिल्या होत्या. आज चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही म्हणून विळी कोपऱ्यात उलटी करून ठेवली होती. शेजारच्या आरतीला बजावलंसुद्धा होतं, "आज भेंडीला हात लावू नको गं." सगळी गल्ली तिथी मला विचारते. आणि तीच मी, हरखून जाऊन, पिशवीत फांदी घालून कापायला निघाले होते!

मी सांगितलं तेव्हा रश्मीनं कपाळावर हात मारला. अश्विन खजील झाला. "आमच्या इथं नाई ना पाळत, माह्या ध्यानातच नाई आलं."

"तुझी चूक नाही रे. माझ्याच ध्यानात नाही आलं."

"एकच काप, काकू. पान तरी कापा. कोन पाहून राहिलं?"

"मी पाहते आहे ना."

त्यानं बांधलेल्या खोक्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "पन मी तरी कसा देऊ? उद्या उजाडताच सामान घेऊन जाईन. तिकडं जागा पाहाची, भट्टी बसवाची. दोन महिने तर हा खोक्यातच राहीन."

दोन महिने. मी चाकू मिटवला. टक् झालं. तीस वर्षं थांबले, त्यापेक्षा हे दोन महिने लांब वाटले. खरं सांगते, क्षणभर मनात आलं, नागोबा काय इथं एमआयडीसीत येणार आहे? चाकू अजून फांदीपासून चार बोटांवर होता.

मी चाकू लाल फडक्यावर ठेवला. "राहू दे खोक्यात. वरती माझं नाव लिही, मोठ्या अक्षरात."

उठायला लागले तर अश्विन म्हणाला, "बसा काकू." फडक्याची घडी करून त्यानं चाकू माझ्यापुढे सरकवला. "घेऊन जा."

"अन् तुझा नेम?"

"आजवर सतरा लोकायनं कापून दाखवलं. न कापता ठेवून देनारं पहिलं मानूस पाहिलं. मले काय पाहाचं ते दिसलं."

मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. पण तो आनंद गिळवेना. माझा नेम राहावा म्हणून या पोरानं वडिलांना दिलेला शब्द वाकवला. असा चाकू हातात कसा घ्यायचा?

पिशवीत पूजेचा लाल-पिवळा नाडा होता. मी तो मिटलेल्या चाकूभोवती घट्ट गुंडाळला, तीन गाठी मारल्या. "उद्या अकोल्याला येते. तुझ्यासमोर कापते. तोवर ही गाठ सुटणार नाही."

"अवो, अकोला काय गल्लीत हाय?" रश्मी म्हणाली.

"पत्ता दे तू."

संध्याकाळी घरी आले तर ह्यांनी चष्मा लावून बांधलेला चाकू उलटासुलटा केला. "पाच महिने याच्यासाठी जीव टाकला तुनं, अन् आनला तो मुसक्या बांधून!"

"उद्या सुटेल."

"मले उघडून पाहू दे ना एकडाव. कापत नाई मी."

"तुमचा हात उजवा आहे. त्याला कळणार नाही."

ते हसले. नागपंचमीचं उकडलेलं जेवण जेवताना पुन्हा म्हणाले, "तीन-चार तास जानं, तीन-चार तास येनं. एका काडीसाठी! काहून तरास घेतं? बागेतून व्हिडिओ कॉल लाव, पाहून घेईन तो."

"समोर म्हणजे समोर, अहो."

"तुह्या देवाले फोन चालत नाई, हे माहीत होतं. त्या पोराले बी नाई चालत का?"

मी वाढत राहिले. चाकू देवघराशेजारच्या फळीवर होता. भात वाढताना, भांडी लावताना, माझा डावा हात आपसूक मिटत होता, उघडत होता. लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा मी इतकी उतावीळ नव्हते.

बुधवारी उजाडायच्या आत अंघोळ झाली. दिवा लावला, तुळशीला पाणी घातलं, अकरा प्रदक्षिणा झाल्या. पानसोटाची पानं थोडी मलूल झाली होती, म्हणून फडकं पुन्हा ओलं केलं. पिशवीत पाण्याची बाटली, दोन केळी, रश्मीच्या नव्या घरासाठी संत्र्याचं एक रोप, आणि सगळ्यात खाली चाकू. हे पांघरुणातून म्हणाले, "चालली का?" मी "हो" म्हणाले, इतकं हळू की त्यांना ऐकू आलं की नाही कोण जाणे.

फाटकाची कडी आवाज न करता लावली आणि अकोल्याची पहिली बस गाठायला स्टँडच्या दिशेनं चालायला लागले.