सकाळचे ओरखडे

नाण्यांच्या किमतीचं पुस्तक छापणाऱ्यांनो, तुम्ही लबाड आहात. दरवर्षी नवं गुळगुळीत वेष्टन चढवता, आत १७९५च्या चांदीच्या अर्ध्या डॉलरपुढे ऐटीत एक आकडा ठोकता, आणि तो आकडा कोणाच्या तोंडून आला ते मात्र गिळून टाकता. पेनसिल्व्हेनियातल्या इर्मा क्रायडरने तुमच्या आकड्यावर विश्वास ठेवला. तुमच्यासारख्यांना अशीच माणसं लागतात.

इर्माने जन्मभर शाळेची बस चालवली. नवरा मर्ल गेल्या पानगळीत वारला. थडग्यावर अजून अंत्यविधीवाल्यांनी खोचलेली पत्र्याची पट्टीच होती. जाण्याआधी मर्ल म्हणाला होता, "माझ्या बापाचं ते नाणं वीक आणि साधा दगड लाव." पुस्तकात दोन हजार लिहिले होते. दगडवाल्यानेही तेवढेच सांगितले होते. इर्माला वाटलं, देवाने हिशोब जुळवून ठेवलाय.

रविवारी सकाळी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये नाण्यांचा बाजार भरला. पहिल्याच टेबलावर नाण्यांचा व्यापारी रॉइस लँडिस. लहानपणी इर्माच्याच बसमधून जाणारा. त्याने भिंग डोळ्याला लावलं आणि तोंड कडू केलं.

"अरेरे, इर्माबाई. नाण्याच्या चेहऱ्यावर ओरखडे आहेत हो. कुणीतरी खरवडलंय. मर्लच असणार, त्याचा हात सगळा हातोडी-कानशीचा."

"मर्लने त्याला कधी फडकंसुद्धा लावलं नाही."

"मग आपोआप पडले का? सातशे देतो. तेही तुम्ही म्हणून."

"पुस्तकात दोन हजार आहेत की रे."

"पुस्तक म्हणजे नुसता अंदाज. पुस्तक काय नाणं विकत घेतं?"

ती आणखी दोन टेबलांवर गेली. दोघांनी आधी रॉइसकडे पाहिलं. "त्याने बोली लावलीय ना? मग आम्ही मध्ये पडत नाही." हा यांचा धर्म! एकाने गळा धरला की बाकीच्यांनी टोप्या काढून उभं राहायचं. इर्मा परत आली, सातशे घेतले आणि दुपारी त्याच्याच टेबलामागे मैत्रिणीजवळ, फर्नजवळ, चिकन-मक्याचं सूप घेऊन बसली. पैसे कमी आले याहून मर्लवर आळ आला हेच तिला जास्त झोंबत होतं.

तेवढ्यात रॉइसपुढे पिट्सबर्गचा एक शौकीन तिचंच नाणं हातात घेऊन उभा राहिला.

"या रेघा कसल्या?"

"अहो, तीच तर खरी गंमत!" रॉइसच्या जिभेवर आता मध होता. "त्या काळी चकती जड भरली की टांकसाळीतच कानशीने घासून वजन जुळवायचे, मग ठसा मारायचे. अस्सल खूण आहे ती. चोवीसशे."

"पुस्तकात तर दोन हजार आहेत."

"छापायच्या आधी पुस्तकवाले मलाच फोन करून विचारतात. ते दोन हजार माझेच. यंदा चोवीसशे सांगणार आहे."

इर्माने चमचा खाली ठेवला.

"इर्मे, सूप गार होईल गं," फर्न म्हणाली.

"होऊ दे."

ती टेबलाशी गेली आणि काचेवर सातशे डॉलर आपटले. शौकिनाचा पाकिटाकडे गेलेला हात तिथेच थांबला.

"व्यवहार झालाय, इर्माबाई," रॉइस म्हणाला. "सगळ्यांसमोर झालाय."

"म्हणून सगळ्यांसमोरच विचारते. बसमध्ये दुसऱ्याचा डबा खायचास आणि तोंड पुसून माझ्याकडे बघायचास. तेच तोंड आहे हे. लाज तेव्हाच कोळून प्यायलास, माझ्या लक्षात आलं नाही एवढंच."

कुणीतरी फस्सकन हसलं. रॉइसचे कान लाल झाले. "गिऱ्हाईक उभं आहे माझं..."

"उभं राहू दे, त्यालाही ऐकायचंय. सकाळी हे मर्लने खरवडलं होतं. मेलेला माणूस, उलट बोलायला येणार नाही. आता तेच टांकसाळीचं काम झालं? मर्लने खरवडलं असेल, तर यांनाही सातशेलाच दे. टांकसाळीची कानस असेल, तर हे पैसे उचल आणि माझं नाणं परत कर. दोन्हीपैकी एकच खरं. बोल रॉइस, कुठलं?"