दोन होड्या आणि मुक्ताबाई

मी टिटवी बोलतेय. एकोणीस फुटांची, सागवानी, शिडाची होडी. पोटात खोली म्हणाल तर दोन माणसं पाय दुमडून झोपतील एवढीच. पुण्यात समुद्र नाही, मग ही इथे काय करते, असं तुमच्या मनात आलं असेल. पुणेकर तर मला तोंडावरच विचारायचे.

माझा जन्म रत्नागिरीचा, साठ सालच्या आसपासचा. एका वकिलांनी मला हौसेने बांधून घेतलं. त्यांच्याबरोबर मी जयगड पाहिलं, दाभोळ पाहिलं. ते वारल्यावर त्यांच्या मुलाने मला ट्रकवर घालून घाट चढवला आणि येरवड्याला रज्जाकभाईंच्या आवारात दुरुस्तीसाठी ठेवलं. दुरुस्ती झाली, पण तोवर मुलाला अमेरिकेत कम्प्युटरची नोकरी लागली होती. "विकून टाका," असा त्याचा फोन आला.

रज्जाकभाई सुतार. त्या वर्षांत गावात रोज नवी कम्प्युटर कंपनी निघत होती आणि त्यांची टेबलं बनवण्यातच रज्जाकभाईंचा दिवस जायचा. मी आंब्याखाली उभी राहून वाळलेली पानं गोळा करत होते.

एका सकाळी आवाराची भिंत पाडावी लागली. क्रेन आली आणि माझ्या शेजारी ती उतरली. सिल्वर गल. तीस फुटांची, परदेशात साच्यातून काढलेली, पांढरी फायबरची होडी. आयात खुली झाल्यावर एका कंपनीच्या मालकाने ती मागवली, दोनदा फिरवली, आणि नजरेसमोर असावी म्हणून रंगकामाला पुण्यात आणली. पुढे त्याला बघायलाही वेळ झाला नाही. तिच्या पोटात स्वयंपाकघर होतं, संडास होता, सहा जणांचे बिछाने होते. सुकाणूला मोटारीसारखं चाक होतं. तळाशी शिशाचा एवढा जड कणा, की ती आडवी झाली तरी आपोआप सरळ होईल. मी तिच्याकडे बघतच राहिले. होडी इतकी मोठी असू शकते हे मला माहीतच नव्हतं.

नव्याण्णव साली रंगराव आणि मुक्ताबाई आले. रंगराव पिंपरीच्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मोकळे झाले होते. कॉलेजात एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये ते शीड चालवायला शिकले होते आणि तेव्हापासून किनाऱ्याकिनाऱ्याने मालवणपर्यंत जायचं त्यांच्या मनात होतं. मुक्ताबाई सदाशिव पेठेतल्या शाळेत शिकवायच्या. बंडगार्डनच्या पुलावरून नदी ओलांडताना त्यांनी रिक्षात डोळ्यांवर पदर धरला होता.

"वहिनी, बसा," रज्जाकभाईंनी खुर्ची पुढे केली.

"बसते. होडी जमिनीवर आहे तोवर माझी काही हरकत नाही."

रंगरावांनी दोघींना सगळीकडून ठोकून पाहिलं. मी जुनी, माझ्या फळ्यांना दरवर्षी राळ-तेल लागणार. तिला फक्त धुवायचं. माझ्यात वाकून शिरायचं, तिच्यात ताठ उभं राहता येतं. त्यांचं मन तिच्याकडे झुकलं, आणि त्यालाही कारण होतं.

"मुक्ता, हिच्यात तू खाली केबिनमध्ये बसशील. दार लावून घेतलंस की पाणी दिसणारही नाही."

मुक्ताबाई शिडी चढून तिच्या पोटात उतरल्या. बराच वेळ झाला. वर आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"अहो, ही नको."

"का गं? हीच सुरक्षित आहे."

"पानशेतच्या पुरात आम्ही दार लावूनच बसलो होतो. शनिवार पेठेत, नदीकाठी. पाणी आलंय हे खिडकीच्या काचेला लागलं तेव्हा कळलं. शंभू पाच वर्षांचा होता. खाली बसून मला पुन्हा तशी वाट बघायची नाही."

लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. तरी पुरात गेलेल्या भावाचं नाव रंगरावांनी बायकोच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. रज्जाकभाई चहा सांगायला म्हणून निघून गेले.

मग मुक्ताबाई माझ्यात येऊन बसल्या. काठावरून हात खाली सोडला.

"इथून पाण्याला हात लागतो?"

"लागतो."

"म्हणजे ते कुठे आहे ते कळेल. येणारच असेन तर हिच्यातून येईन."

असं त्यांनी मला निवडलं. आजही मला त्याचं नवल वाटतं.

रंगरावांनी मला खडकवासल्याच्या धरणावर नेलं. पहिले कित्येक रविवार मुक्ताबाई काठावर वह्या तपासत बसल्या. एका रविवारी वह्या पिशवीत घातल्या, चपला काढल्या आणि आत आल्या. पाण्याच्या मधोमध गेलो आणि सिंहगडाकडून वारा उठला. पुढचं शीड उतरवायला रंगरावांना नाळेकडे, माझ्या पुढच्या टोकाला जावं लागणार होतं.

"मुक्ता, सुकाणू धर. त्या टेकडीकडे तोंड ठेव."

"नाही जमलं तर?"

"तर दुसऱ्या टेकडीकडे जाऊ."

त्यांनी सुकाणू धरलं. मी कलले. पाणी त्यांच्या कोपराजवळून सळसळत चाललं होतं. त्यांनी डोळे मिटले नाहीत. "शंभू," त्या म्हणाल्या, अगदी हळू, हाक मारावी तसं. रंगरावांनी ऐकलं असावं, पण ते पाठमोरेच राहिले.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही रत्नागिरीहून निघालो आणि मजल दरमजल करत मालवण गाठलं. देवगडच्या पुढे एका सकाळी समुद्रावर एक पांढरं शीड दिसलं. ती सिल्वर गल होती. गोव्याच्या कोणीतरी तिला घेतलं होतं. सगळी शिडं उभारून, पाणी कापत ती आमच्या शेजारून गेली. आवारात ती मोठी दिसायची, समुद्रावर ती सुंदर दिसत होती. मुक्ताबाई उभ्या राहून तिच्याकडे बघत राहिल्या. आम्ही तिघंही बघत राहिलो.

आता माझ्या फळ्यांना समुद्र झेपत नाही, मी पुन्हा खडकवासल्याला असते. रंगरावांचे गुडघेही गेले, ते काठावर बसून सूचना देतात. मुक्ताबाई त्या ऐकत नाहीत. हिवाळ्यातल्या रविवारी त्या एकट्याच मला बाहेर काढतात. काठावरच्या लोकांना वाटतं, या बाई पाण्याला भीत नाहीत. पण सुकाणूवरचा हात मला कळतो. तो अजून गरजेपेक्षा घट्ट असतो. मी लाकूड आहे, पाण्याला मी कधी भ्यायलेच नाही, त्यात माझं कसलं कौतुक? ही बाई दर वेळी भिते आणि दर वेळी येते.

तेव्हा तुम्ही कधी धरणाच्या रस्त्याने गेलात आणि पाण्यात एक लहानसं शीड दिसलं, तर उगाच हॉर्न वाजवून त्या बाईला दचकवू नका. घटकाभर थांबा, आणि तिला जाऊ द्या.