पाय पुरलेली बंगली

मित्रांनो, मी बार्बाडोस बेटावरची एक जुनी लाकडी बंगली आहे. हॉटेलातले पाहुणे मला झोपडी म्हणतात. म्हणोत बापडे, त्यांच्या तोंडी कोण लागतं?

आयांथीच्या आजोबांनी मला बांधलं. खाली पाया नाही, नुसते सुटे दगड. भिंतीही खुंट्यांवर बसवलेल्या. कारण आजोबा उसाच्या मळ्यात मजूर. ऊस मळेवाल्याचा आणि जमीनही त्याचीच. त्याने ऊठ म्हटलं, की भिंती उतरवायच्या, गाडीवर घालायच्या आणि दिवस मावळायच्या आत दुसरीकडे उभ्या करायच्या. अशी मी दोनदा चालले आहे. सगळी आळी हात लावायची आणि वर मक्याचा घाटा नि उडत्या माशाचं कालवण चापायची.

आयांथी माझ्यातच जन्मली, माझ्यातच म्हातारी झाली. तिची जीभ म्हणजे ऊस तोडायचा कोयता. पण माझी पायरी ती रोज पुसायची आणि दर नाताळला मला रंग द्यायची.

मग किनाऱ्यावर हॉटेलं उगवली. देश पुढे चालला, असं रेडिओ सांगायचा. आयांथी म्हणायची, "चालला असेल, आमच्या आळीत काही थांबला नाही." पण तिचा मुलगा हॉटेलात स्वयंपाकी झाला आणि तिला वाटलं, आता आपल्यालाही पाया हवा. शेजारचा डार्नली सुतार, त्याने परोपरीने समजावलं की जमीन भाड्याची आहे. तिने त्याला उभा आडवा घेतला. दगड निघाले, सिमेंट आलं, माझे खांब त्यात पुरले. मीही फुगले.

पुढे मळेवाल्याच्या नातवाने ती जमीन हॉटेलला विकली. बाकीची घरं एकेक करून उतरली, गाडीवर चढली, निघाली. माझी पाळी आली. डार्नलीने पहार लावली. मी जागची हलले नाही. तेवढ्यात हॉटेलचा वकील आला. सिमेंटने जे जमिनीला जडलं ते जमिनीबरोबर विकलं गेलं, आता एक फळीही न्यायची नाही, असं त्याने बजावलं.

डार्नलीने पहार खाली ठेवली. आयांथी म्हणाली, "माझ्या घराला पाय होते, डार्नली. मीच ते पुरले. म्हण ना आता, सांगितलं होतं म्हणून."

"मावशी, चला," डार्नली म्हणाला. "घाटा थंड होतोय."

आता मी आहे तिथेच, पण हॉटेलच्या बागेत आहे. मला गुलाबी रंग दिलाय. आयांथीने तो जन्मात दिला नसता. माझ्यात टोप्या विकतात. अंधार पडला की कुलूप लागतं. माझ्यात कुणी झोपत नाही, कुणी भांडत नाही, कुणाचं दूध उतू जात नाही. आयांथी सुनेच्या माहेरी एका खोलीत राहते. रविवारी चर्चहून येताना ती कुंपणाशी थांबते, माझ्या पायरीकडे बघते आणि पुटपुटते, "किती धूळ साचू दिलीय, आळशी मेले."

मित्रांनो, रंग उडाला तरी घर जगतं, माणूस गेलं की जगत नाही. कुठे फिरायला गेलात आणि असं नटवलेलं घर दिसलं, तर फोटो मागाहून काढा. आधी दार वाजवा. आत कुणी नाही, हे मलाही ठाऊक आहे. तरी वाजवा. आणि जाताना पायरीवरची धूळ तेवढी पुसा.